गोलरेषेपाशी निवाडा



या पंच-संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी तत्काळ मूळ विषयाकडे वळतो. कारण रग्बीच्या पंचाची खरी परीक्षा गोलरेषेच्या अलीकडच्या हातभर जमिनीवर होते, आणि तेथे मसलतीस सवड नसते.

१६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ येथे झालेल्या वेल्स-न्यूझीलंड सामन्याची फिर्याद आजतागायत निकाली निघालेली नाही. वेल्स ३–० असे आघाडीवर असताना न्यूझीलंडचा तरुण खेळाडू बॉब डीन्स चेंडू घेऊन रेषेपाशी आला, पाडला गेला, आणि खेळामागे पडलेले स्कॉटलंडचे पंच जॉन डॅलस तेथे पोहोचले तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे होता. आपण चेंडू रेषेपार टेकवून ट्राय पूर्ण केला होता व नंतर आपणास मागे ओढण्यात आले, ही डीन्सची कैफियत. तर पाडल्यावरही तो पुढे सरपटू पाहत होता, त्याअर्थी त्याने रेषा गाठलीच नव्हती, असा वेल्सच्या ऱ्हीस गेबचा जबाब. दोन्ही पक्षांचे अभिमानी चेंडू नेमका कोठे होता यावरच भांडत आले. मला मात्र गेबच्या जबाबातील ते सरपटणे अधिक महत्त्वाचे वाटते. कारण आजच्या नियमांच्या कसोटीवर तसे सरपटून रेषा गाठली असती, तरी तो ट्राय मंजूर करता आला नसता.

आपल्याकडील प्रेक्षकाला हे चमत्कारिक वाटते, आणि त्याचा दोष मी कबड्डीला देतो. चढाईपटू चौघांच्या पकडीत सापडूनही दम टिकवून, अंग घुसळीत मध्यरेषेला बोट लावतो, तेव्हा आपण त्याची वाहवा करतो. रग्बीत ही मुभा नाही. धरलेला खेळाडू जमिनीवर आला की टॅकल पूर्ण होते. त्यानंतर अंगच्या वेगाने तो घसरत रेषेपार गेला तर ट्राय ग्राह्य, किंवा पडल्यावर लगेच हात लांबवून त्याने चेंडू रेषेवर टेकविला तरीही ग्राह्य, कारण रेषा ही गोलक्षेत्राचाच भाग आहे. परंतु वेग संपल्यावर गुडघ्या-कोपरांच्या आधाराने तो पुन्हा पुढे सरकला, तर तो कसूर होय आणि पेनल्टी बचाव करणाऱ्यांची. उलट तो पडला खरा, पण कोणी त्याला धरलेलेच नसेल, तर त्याने खुशाल उठून पुढे जावे. म्हणून पंचाची नजर प्रथम पाडणाऱ्याच्या हातावर व पडणाऱ्याच्या गुडघ्यावर हवी, चेंडूवर त्यानंतर. आणि त्यासाठी पंचाने खेळाच्या पाठोपाठ न धावता रेषेवर आधीच जाऊन उभे राहिले पाहिजे. ‘लगेच’ म्हणजे किती, याचे माप नियमकर्त्यांनी दिलेले नाही, आणि ते दिले नाही हेच बरे केले.

बचाव करणाऱ्यांचे हक्कही स्पष्ट आहेत. जो पायांवर उभा आहे त्याने पडलेल्याच्या हातून चेंडू हिसकावून घ्यावा, मात्र चेंडूला लाथ मारू नये. जो स्वतः आडवा पडला आहे त्याने अडथळा आणू नये. अशा गैरकृत्यामुळे बहुधा झालाच असता असा ट्राय हुकला, तर पेनल्टी ट्रायचे ७ गुण द्यावेत आणि कसूरदारास निदान पिवळे कार्ड दाखवावे; येथे भीड बाळगणे हा बचाव करणाऱ्यांचा पक्षपात होय.

चित्रफितीने पंचावरील निवाड्याचा हा भार हलका होईल अशी आशा होती. १० फेब्रुवारी २०२४ रोजी एडिंबरा येथे फ्रान्स २०–१६ असे पुढे असताना, सामन्याच्या अखेरच्या क्षणी स्कॉटलंडचा चेंडू रेषेपार शरीरांच्या ढिगात गेला. मैदानावरील पंच निक बेरी यांनी ट्राय नसल्याचा निर्णय आधी दिला होता. चित्रफीत पुनःपुन्हा पाहूनही तो फिरविण्याइतका निर्विवाद पुरावा मिळाला नाही, आणि निकाल कायम राहिला. यंत्र अपिलाचे न्यायालय आहे, पहिला हुकूम शिटी धरणाऱ्यालाच द्यावा लागतो.

त्यातच २०२१ मध्ये प्रयोगादाखल आलेला आणि पुढे कायम झालेला बदल ध्यानात घ्या. पूर्वी गोलक्षेत्रात चेंडू टेकू न देता उचलून धरला गेला, तर हल्ला करणाऱ्या संघालाच ५ मीटरवर स्क्रम मिळे, आणि संशयग्रस्त पंचाला ती एक सभ्य पळवाट होती. आता बचाव करणारा संघ गोलरेषेवरून ड्रॉप-किक मारतो, म्हणजे चेंडू दूर पिटाळला जातो, आणि ट्राय नाकारण्याची किंमत हल्ला करणारा संघ पुरी मोजतो. आज दुपारच्या प्रात्यक्षिकात याच प्रसंगापासून आरंभ करावा, अशी माझी संयोजकांस विनंती आहे.