चित्र लहान करण्याचे साधन कसे निवडावे?
(शिक्षक संमेलनातील भाषण)



शाळेची छायाचित्रे व दाखल्यांच्या प्रती संगणकावरून पाठविणे हे आपले नित्याचे काम झाले आहे. अर्जात ठरावीक केबीपेक्षा मोठे चित्र घेतले जात नाही. मग घाईने इंटरनेटवर जे साधन प्रथम सापडेल त्यात आपण ते टाकतो. ही निवड विचारपूर्वक व्हावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पहिला प्रश्न असा की, चित्र जाते कोठे? टायनीपीएनजीसारख्या साधनात ते प्रथम दूरच्या सर्व्हरवर चढते व तेथून लहान होऊन परत येते. गूगलच्या क्रोम मंडळींनी २०१८ साली खुले केलेले स्क्वूश हे साधन मात्र आपल्याच यंत्रावर, ब्राउझरमध्ये काम करते. परीक्षा सोपी आहे. साधनाचे पान पूर्ण उघडल्यावर इंटरनेट बंद करावे व एखाद्या झाडाचे चित्र लहान करून पाहावे. काम झाले नाही, तर मुलांचे फोटो वा आधारपत्रे त्यात घालू नयेत. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पालक आपणांवर विश्वासून कागद देतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरा प्रश्न लांबी-रुंदीचा. ४००० बाय ३००० ठिपक्यांच्या फोटोत एक कोटी वीस लक्ष ठिपके असतात. तोच १६०० बाय १२०० केला, तर एकोणीस लक्ष वीस हजार, म्हणजे सुमारे सहावा हिस्सा उरतो. म्हणून गुणवत्ता घटविण्यापूर्वी आकार घटवावा. ज्या साधनात या दोन्ही गोष्टी आपल्या हाती राहतात, ते अधिक चांगले.

तिसरा प्रश्न वाचनीयतेचा. जेपीईजी पद्धत डोळ्यांस सहसा न जाणवणारे बारकावे कायमचे टाकून देते. वर्गाच्या फोटोस ती योग्य होय. परंतु फार दाबल्यास अक्षरांच्या कडा पुसट होतात. दाखल्यावरील जन्मतारखेतला १ हा ९ असा वाचला गेला, तर अर्ज परत येतो आणि त्याची झळ विद्यार्थ्यास लागते. रेखाचित्रे व तक्ते यांसाठी पीएनजी बरी, कारण तीत प्रत्येक ठिपका जसाच्या तसा राहतो. लहान केलेली प्रत मोठी करून, अंक न् अंक वाचूनच पाठवावी. मूळ चित्र जपून ठेवावे; जेपीईजी पुनःपुन्हा दाबल्याने ती अधिकाधिक बिघडते.

पुढील बैठकीपूर्वी प्रत्येक शाळेने एकच चित्र दोन साधनांत तपासून पाहावे व जे पसंत पडेल त्याचे नाव कार्यालयातील फलकावर लिहून ठेवावे. म्हणजे घाईच्या वेळी नवख्या शिक्षकासही शोधाशोध करावी लागणार नाही.