डाव्याला पुढं जाऊ द्या



ड्रम शिकणाऱ्या मुलांचे आईवडील भेटले की एक प्रश्न हमखास येतो: "याचा डावा हात फार कच्चा आहे, काय करायचं?" बहुतेक ठिकाणी याचं उत्तर मिळतं, "डाव्याला दुप्पट मेहनत द्या." मला ते अपुरं वाटतं. डाव्याला मेहनत हवी, पण त्याआधी त्याला पुढारपण हवं. आज मला एवढंच मांडायचं आहे.

डाव्यात ताकद नसते, हा समज आधी सोडू या. ड्रमची एक स्टिक जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमची. भाजीची भरलेली पिशवी आपण डाव्या हातानंच घरी आणतो. उणीव असते ती सवयीची, आणि ही सवय दंडात नव्हे, मज्जासंस्थेत मुरते. उजव्या हाताचा कारभार मेंदूची डावी बाजू पाहते, डाव्याचा उजवी. पण या दोन बाजू एकमेकींपासून तुटलेल्या नसतात. 1894 साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच हाताला सराव दिला, तर दुसरा, काहीही न केलेला हातही सुधारलेला आढळला. आपल्या दृष्टीनं याचा अर्थ फार मोलाचा आहे. उजव्यानं जे कमावलं, त्यातलं काही डाव्याला आयतं मिळू शकतं. म्हणून मी मुलांना सांगतो, आधी उजव्यानं चार आघात करा, नीट पाहा, मग डाव्याला तेच करू द्या.

काय पाहायचं? उजव्या हातात स्टिक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत असते आणि उरलेली तीन बोटं तिला खालून हलकी लागलेली असतात. सरावाच्या पॅडवर आपटून स्टिक उसळते, ती उसळी ही बोटं झेलतात आणि परत पाठवतात. आता डावीकडे पाहा. करंगळी आणि अनामिका हवेत, चिमटी आवळलेली, अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं. उसळी तिथंच मरते, मग प्रत्येक आघातासाठी कोपरापासून हात उचलावा लागतो, आणि हात भरून येतो. त्यावर 'अजून जोरात वाजव' असं सांगणं म्हणजे दुखणं वाढवणं. बोटं स्टिकवर परत आणा, मेट्रोनोमचा वेग साठवर ठेवा आणि डोळे मिटून ऐका: दोन्ही हातांचा आवाज एकाच उंचीवरून पडल्यासारखा येतो का? येत नसेल, तर जोर उजव्याचा कमी करायचा. समजूतदारपणा बलवानानं दाखवायचा.

डाव्याला पुढारपण देण्याचं काम ज्यानं शिस्तीत बसवलं, त्या पुस्तकाचं नाव 'स्टिक कंट्रोल', लेखक बॉस्टनचे जॉर्ज लॉरेन्स स्टोन, साल 1935. कमजोर हाताकडे जास्त लक्ष दिलं आहे, असं त्या पुस्तकातच म्हटलेलं आहे. पहिल्या पानावर 24 ओळी. पहिली ओळ उजवा-डावा-उजवा-डावा. दुसरी तीच, पण डाव्यापासून. तिसरीत उजव्याचे दोन, डाव्याचे दोन. चौथी पुन्हा डाव्यापासून. प्रत्येक ओळ न थांबता वीस वेळा. मुलं दुसरी ओळ गाळतात, कारण कानाला दोन्ही सारख्याच वाटतात. तिथंच गफलत होते. समेवर कोण येतं, यावर सगळं बदलतं. डाव्याला समेची जबाबदारी दिली की आठवडाभर लय डळमळते, आणि ती डळमळू द्यायला हवी.

स्टोन यांचे शिष्य जो मोरेलो पुढे जाझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांच्या चमूत ड्रमवादक झाले. 'टेक फाइव्ह' या पाच मात्रांच्या रचनेमुळे ते जगाला माहीत झाले. 1958 साली हा चमू भारतात आला होता, मुंबईतही वाजवून गेला. मद्रासला मोरेलो यांची गाठ पळणी सुब्रमण्यम पिळ्ळै यांच्या मृदंगाशी पडली. पिळ्ळै डावखुरे. त्यामुळं मंचावर त्यांची बसण्याची जागा उलटी होई, आणि काही व्हायोलिनवादकांना ते चालत नसे. गायक चेंबै वैद्यनाथ भागवतर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून ती विद्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली. डाव्या हाताची अडचण कित्येकदा हातात नसतेच, बसण्याच्या रिवाजात असते.

आता पाय. इथं प्रश्न जास्त अवघड आहे. डावा पाय हाय-हॅटच्या, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या, पेडलवर ठेवलेला दिसतो, पण पुष्कळदा तो वाजवत नसतो, अंग त्याच्यावर रेललेलं असतं. अशा पायाला अचानक काम दिलं की तोल जातो आणि हातही बिघडतात. म्हणून आधी स्टूल बघा. मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या असाव्यात. मग दोन्ही पाय जमिनीपासून बोटभर उचलून, हातांनी साधा ठेका धरा. मागे झुकलात, तर आधी कंबर-पोट सावरायला शिका. पायाचा रियाज त्यानंतर.

पुढे टाच पेडलवर टेकवून, चार मात्रांपैकी दुसरीवर आणि चौथीवर हाय-हॅट बंद करा. ते जमलं की चारही मात्रांवर. मग 'वन-अँड-टू-अँड' मोजत फक्त 'अँड'वर. इथं बहुतेकांचा उजवा पायही डाव्याच्या मागे जाऊ लागतो, त्याला आवरणं हाच खरा अभ्यास. नडगीवरचा स्नायू भरून येईल, तो थकवा आहे, विश्रांतीनं जातो. घोट्यात किंवा मनगटात कळ आली, तर मात्र त्या दिवशी थांबायचं. शेवटी स्टोन यांच्या त्याच ओळी पायांनी वाजवा, उजवा बेस ड्रमवर, डावा हाय-हॅटवर.

डावा पाय कुठवर जाऊ शकतो? डेफ लेपर्ड या रॉक चमूचे ड्रमवादक रिक अ‍ॅलन यांनी 31 डिसेंबर 1984 च्या मोटार अपघातात डावा हात गमावला. त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक पेडलांचा सेट बनवून घेतला गेला, आणि डाव्या हातानं स्नेअरवर जे वाजे, ते डाव्या पायाकडे आलं. 1986 ला ते मंचावर परतले, आणि 1987 ला चमूचा 'हिस्टेरिया' हा अल्बम आला. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्यांचं मंचावरचं वादन ऐकायला लावतो, आणि पाय कोणता वाजतोय ते ओळखायला सांगतो.

राहिला डावखुऱ्या मुलांचा प्रश्न. सेट उलटा मांडावा का? घरी जागा आणि सवड असेल, तर जरूर. पण क्लासमध्ये, ऑर्केस्ट्रात, गणपतीच्या मंडपात सेट उजव्यांसाठीच मांडलेला मिळतो. बीटल्सचे रिंगो स्टार डावखुरे असून उजव्यांच्या सेटवर वाजवतात, आणि बिली कॉबम हात एकमेकांवरून न नेता हाय-हॅट डाव्यानंच वाजवतात. माझं मत कॉबम यांच्या बाजूनं आहे: सेट आहे तसा राहू द्या, ठेका डाव्याकडे द्या. उजव्या हाताच्या मुलांनीही आठवड्यातला एक दिवस असंच वाजवावं.