मावळचा कडा आणि शाळेचा दोर



लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात शिरले की नागाने फणा काढावा तसा एक कातळ दृष्टीस पडतो. मावळातील माणसे त्याला नागफणी म्हणतात. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले आणि आज शहरातील मुलांना ते नाकच अधिक परिचयाचे आहे! कुरवंडे गावाच्या बाजूने नागफणीच्या माथ्यावर चालत जाता येते. तिचा कडा मात्र दोराशिवाय चढण्याचा नव्हे. याच मुलुखात लोहगड, विसापूर, तिकोना आणि राजमाची आहेत, आणि ज्याचे दुसरे नावच कठीणगड, तो तुंग आहे. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत लोहगडाचा समावेश झाला. आपण त्याचा आनंद साजरा केला आणि तो योग्यच होता. पण ज्या अंगच्या गुणांनी हे गड घेतले आणि राखले गेले, त्यांतला एखादा तरी गुण आपल्या शाळेच्या वेळापत्रकात आहे काय?

१६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला, हे प्रत्येक मुलाला पाठ असते. सोबत घोरपडीची कथाही पाठ असते. सभासदाच्या बखरीत मात्र घोरपड नाही. तेथे निवडून काढलेले दोन मावळे आहेत. ते वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ लावली आणि त्या माळेवरून तानाजीरावांसह तीनशे माणूस वर गेले, असे सभासद सांगतो. आजचे प्रस्तरारोहण याहून फारसे निराळे नाही. पहिला चढतो, दोर पक्का करतो, मागचे त्याच्या भरवशावर येतात. घोरपडीला श्रेय देता देता आपण त्या दोन मावळ्यांना विसरलो. त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. अंधारात त्या कातळावर त्यांचे हात नेमके खोबणीत पडले, ते काही एका रात्रीत शिकलेले नव्हते.

शाळेत प्रस्तरारोहण हवे असे म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे कड्यावर लोंबकळणारा मुलगा येतो. वास्तविक त्या मुलापेक्षा खाली उभा असलेला मुलगा अधिक पाहण्यासारखा असतो. वर चढणाऱ्याचा दोर त्याच्या हातात असतो. यालाच गिर्यारोहक ‘बिले देणे’ म्हणतात. वरच्याचा पाय निसटला तर त्याला अधांतरी रोखायचे ते याने. म्हणून अर्धा तास मान वर करून उभे राहायचे, गप्पा मारायच्या नाहीत, दोर फार ताणायचा नाही आणि सैलही सोडायचा नाही. वर्गात ज्याच्याशी कालच भांडण झाले, त्याचे प्राण आज आपल्या मुठीत आहेत, हा अनुभव बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या कोणत्या तासाला मिळतो? चढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचे हार्नेसचे पट्टे, आठाची गाठ आणि कॅराबिनरचे कुलूप तपासायचे, हा नियम वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलालाही चुकत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. सहलीच्या दिवशी मुलांना रांगेत उभे करून दोरावरून खाली सोडायचे, छायाचित्र काढायचे आणि प्रमाणपत्र हाती द्यायचे, यालाच काही शाळा प्रस्तरारोहण समजतात. ते रॅपलिंग, म्हणजे उतरणे. त्यात गंमत आहे, भीतीही मोडते. पण चढण्याची विद्या त्यात येत नाही. ती यायला महिने लागतात. प्रथम शाळेच्या व्हरांड्यात गाठी, मग पुरुषभर उंचीच्या धोंड्यावर तोल, त्यानंतर वरून दोर बांधलेला छोटा कातळ. नागफणीचे नाव त्यानंतर काही वर्षांनी काढावे.

“आणि काही झाले तर?” हा आईचा प्रश्न आहे आणि तो भित्रेपणाचा नाही. धोका शून्य असतो असे सांगणाऱ्या आयोजकाकडे मूल पाठवूच नये. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, थरांचा. कठीण थरांच्या मध्ये ठिसूळ थर येतो, पकडलेला दगड हातात निघून येतो, वरून धोंडा सुटतो. म्हणून शिरस्त्राण हवेच, आणि ते खाली उभ्या असलेल्यालाही हवे. पावसाळ्यात शेवाळलेल्या कड्याला हात लावायचा नाही. आग्या मोहोळ दिसले तर आवाज न करता परत फिरायचे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांच्या नोंदणीची अट आहे. ती नोंदणी पालकांनी निःसंकोच पाहायला मागावी. दोर किती वर्षांचा, त्याची नोंद कोण ठेवतो, प्रशिक्षक कोठे शिकला, जखमी मुलाला खाली कसे आणणार, हेही विचारावे. उत्तर देताना जो चिडेल, त्याला नमस्कार करून घरी यावे.

याच लोणावळ्यात ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि मृत्यू पावले. ते कड्यावर चढायला गेले नव्हते, वर्षासहलीला आले होते. शोधकार्यात ‘शिवदुर्ग मित्र’चे स्वयंसेवक होते. रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरणारी ही लोणावळ्याचीच तरुण मंडळी. पाण्याचा आणि दगडाचा अंदाज घेण्याचे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही, आणि ते नसल्याची किंमत दर पावसाळ्यात मावळ पाहतो.

दुसरीकडे, शहरातील शाळांची मुले बसमधून उतरतात, नवे हार्नेस चढवतात, आणि गावातील गुरे राखणारा पोरगा अनवाणी उभा राहून पाहतो. कातळ त्याच्या घरामागचा आहे, त्याच्या पायांना तो ठाऊक आहे. दोर तेवढा नाही. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने २०१२ मध्ये एव्हरेस्ट गाठले. प्रस्तरारोहण टोकियोच्या स्पर्धेपासून, २०२१ मध्ये, ऑलिंपिकमध्ये आले आणि २०२४ मध्ये पॅरिसलाही होते. मावळच्या मुला-मुलींसाठी ही वाट खुली व्हावी असे वाटत असेल तर पुण्यातील एखाद्या शाळेने येथील एक जिल्हा परिषद शाळा सोबत घ्यावी. साहित्य दोघांत एक, प्रशिक्षक एक, आणि जोडी लावताना एक मूल शहरातले, एक गावातले. पहिल्या दिवशी चुका कोणाच्या अधिक होतात ते पाहण्याजोगे असेल.

दिवाळीनंतर गवत वाळते, कातळ कोरडा होतो. तेव्हा सुरुवात करावी. तोवर गाठींचे वर्ग शाळेतच घेता येतील, आणि त्या वर्गांना पालकांनीही एकदा येऊन बसावे. आठाची गाठ वडिलांना पहिल्या प्रयत्नात जमत नाही, हे मुलांना फार आवडते.