गळ्यातला पाटकरी



पाटाचे पाणी कुणाच्या वावरात किती सोडायचे, हे पाटकरी पाहतो. कमी सोडले तर पीक वाळते. जास्त सोडले तर सडते. आपल्या अंगातही असे पाटकरी आहेत. त्यांना ग्रंथी म्हणतात. त्या आपला रस थेट रक्तात सोडतात. असे पाटकरी पुष्कळ आहेत, पण आज आम्ही एकाचीच गोष्ट सांगणार.

ही ग्रंथी गळ्यात, कंठमण्याच्या खाली असते. तिचे नाव थायरॉईड. अंगातली ऊब, काळजाचे ठोके, मुलाची वाढ आणि बुद्धी तिच्या रसावर चालते.

हा रस करायला आयोडीन लागते. किती? सगळ्या जन्माचे मिळून चहाचा एक चमचाभर! पण ते रोज थोडे थोडे मिळाले पाहिजे. डोंगराळ मुलखात पावसाने मातीतले आयोडीन वाहून जाते. मग धान्यात ते येत नाही. ग्रंथी धडपडते आणि फुगते. गळ्याला गाठ दिसते. तोच गलगंड.

आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात गलगंड फार होता. तिथे 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सोबत्यांनी काही गावांना आयोडीनचे मीठ दिले, काहींना साधे. काही वर्षांत आयोडीनच्या मिठाच्या गावांतला गलगंड पुष्कळ कमी झाला. साध्या मिठाच्या गावांत तसे झाले नाही. मग 1962 साली सरकारने देशभरचे काम हाती घेतले.

म्हणून पुडीवर 'आयोडीनयुक्त' हे शब्द वाचून मीठ घ्या. आता तुम्हांला वाचता येते! मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून आणि ओलीपासून दूर ठेवा. पण आयोडीन मिळावे म्हणून मीठ जास्त खाऊ नका. त्याने रक्तदाब वाढतो.

चांगले मीठ खाऊनही ही ग्रंथी बिघडते. बायकांत जास्त. रस कमी पडला की थकवा येतो, थंडी वाजते, अंग सुजल्यासारखे होते, पोट साफ होत नाही, केस गळतात. घरचे म्हणतात, "सून आळशी आहे." अहो, ती आळशी नाही, आजारी आहे! रस जास्त झाला तर उलटे. छाती धडधडते, हात कापतात, खाऊनही माणूस वाळतो. दोन्हींवर औषध आहे. रक्त तपासले की कळते. गळ्याला डाग देऊन काही होत नाही, उलट जखम होते.

सगळ्यांत जपायचे ते पोटातल्या बाळाला. आईला आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. काही बाळांची ग्रंथी जन्मतःच काम करत नाही. बाळ दिसायला चांगले असते, म्हणून कुणाला शंका येत नाही. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बहुतेक मुले इतरांसारखीच वाढतात. उशीर झाला तर गेलेली बुद्धी परत येत नाही. बाळंतपण झाले की नर्सबाईंना विचारा, "बाई, आमच्या बाळाची थायरॉईडची तपासणी झाली का?"