भरतनाट्यम् आणि तंजावूरची मराठी निरूपणे

भरतनाट्यमचा आज रूढ असलेला क्रम तंजावूरच्या मराठा दरबारात बांधला गेला. त्याची मुळे मात्र मंदिरात आहेत. राजराज चोळाच्या बृहदीश्वर मंदिरातील, अकराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात देवसेवेसाठी आणलेल्या सुमारे ४०० नर्तकींची नोंद आहे. कोणाचे नाव काय, ती कोणत्या मंदिरातून आली, तिचे घर कोणत्या गल्लीच्या कोणत्या ओळीत कितवे, इतका तपशील दगडावर कोरलेला आहे. या नृत्याच्या इतिहासात पहिला मान या स्त्रियांचा.



व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूरला मराठा राज्य स्थापले. पुढे तुळजाराजांच्या ‘संगीत सारामृत’ या ग्रंथात अडवूंचे, म्हणजे नृत्ताच्या मूळ पदन्यासांचे वर्णन आले. दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा क्रम पक्का केला. त्याच दरबारात मराठी निरूपणेही रचली गेली. जय जय, शरणू, अलारूपासून मंगळापर्यंतच्या सर्व रचना एकाच रागात, एकाच तालात, आणि त्यांतून एकच कथा पुढे सरकते. एवढी एकसंध कल्पना मराठीत रचली गेली, ही अभिमानाची गोष्ट आहे. आणि महाराष्ट्राला तिची ओळख फार उशिरा झाली, ही खंतही तितकीच खरी.

शिक्षणाची सुरुवात अरमंडीपासून होते: टाचा जवळ, गुडघे बाहेर वळवून अर्धे वाकलेले, पाठ ताठ. गुरू लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल देतात आणि विद्यार्थिनी एकच अडवू तीन वेगांत करते. वेग दुप्पट झाला की गुडघे नकळत सरळ होऊ लागतात. गुरूची नजर नेमकी तिथेच असते. खरी परीक्षा वर्णममध्ये. गीताची एकच ओळ पुन्हा पुन्हा गायली जाते आणि नर्तकी दर वेळी तिचा नवा अर्थ अभिनयातून उलगडते. मधल्या जतींमध्ये, म्हणजे शुद्ध नृत्ताच्या तुकड्यांत, पायांची तयारी दिसते.

१८५५ मध्ये तंजावूरचा राजवंश निपुत्रिक ठरवून संपवण्यात आला आणि कलावंतांचा मोठा आधार गेला. पुढे देवदासी प्रथेविरुद्ध चळवळ झाली, १९४७ मध्ये मद्रास प्रांतात कायदा आला. प्रथेबरोबर कलेलाही कलंक लागला, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या ती जपणाऱ्या घराण्यांनी सोसला. चळवळीच्याच काळात ई. कृष्ण अय्यर यांनी मद्रासच्या म्युझिक अकॅडमीत या नृत्याला व्यासपीठ मिळवून दिले. चौघा बंधूंच्या वंशपरंपरेतील पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिकलेल्या रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये कलाक्षेत्र ही संस्था उभारली. बालसरस्वतींनी वंशपरंपरेचा अभिनय जगभर नेला.

मुंबईत आचार्य पार्वतीकुमारांनी सरफोजींच्या निरूपणांचा चिकाटीने अभ्यास करून ती पुन्हा नृत्यात बसवली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रंगमंचावर आणली. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेल्या ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’मध्ये या रचनांची संहिता आज अभ्यासकांना उपलब्ध आहे.