खिडकीने लावलेली सवय

पहाटेला आपल्या भाषेत शब्द तरी किती! झुंजुमुंजू होणं, तांबडं फुटणं, फटफटणं, उजाडणं. आमच्या घरात फजर. आम्हा कवींनी या वेळेचं भरपूर कौतुक करून ठेवलं आहे. मात्र ते करताना कुणी दोन वर्षांच्या मुलाच्या आईला विचारलेलं दिसत नाही. तिच्या लेखी पहाट म्हणजे पाच वाजून दहा मिनिटांनी गादीवर टक्क उठून बसलेलं मूल. तेच मूल मग दिवसभर किरकिरतं, अकरा वाजता ताटावरच पेंगतं, आणि घरातली वडील माणसं सुनावतात, ‘तूच वाईट सवय लावलीस.’ आज मला बोलायचं आहे ते या आरोपाबद्दल. कारण पुष्कळ घरांत ही सवय खिडकीने लावलेली असते.

डोळ्याला पाहण्याखेरीज आणखी एक काम आहे. दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत, की त्या उजेड किती आहे ते मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात, हे २००२ साली सिद्ध झालं. त्यांना सर्वांत जास्त जाणवतो तो निळसर उजेड. आणि सूर्य उगवण्याआधीच्या आकाशाचा उजेड निळसरच असतो. अंधार असेतोवर मेंदूतली एक बारकी ग्रंथी मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडत राहते. अजून रात्र आहे, हा निरोप शरीरभर पोचवण्याचं काम ते करतं. उजेड दिसला, की हा निरोप थांबतो.

लहान मुलाच्या डोळ्याचं भिंग मोठ्या माणसाच्या भिंगाहून स्वच्छ असतं आणि बाहुलीही मोठी उघडते. आपल्याला जो उजेड किरकोळ वाटतो, तो त्याच्या डोळ्यात जास्त शिरतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी तासभर मुलांना उजेडात बसवलं होतं. अगदी मंद, म्हणजे ५ ते ४० लक्स एवढ्या उजेडातही मेलाटोनिन सरासरी ७८ टक्क्यांनी उतरलं. हा प्रयोग रात्रीचा होता; पण मुलाचा डोळा किती हळवा असतो, हे त्यावरून कळतं.

मग रात्री दिवा असताना झोपलेलं मूल पहाटेच का उठतं? लग्नघरातून मूल खांद्यावर टाकून आणलं, रिक्षात बसलो, जिना चढलो, दिवा लावला, तरी ते हलत नाही. रात्रीच्या पहिल्या भागात मुलांची झोप फार गाढ असते. पहाटे चारनंतर मात्र शिल्लक असते ती विरळ झोप. शरीराचं तापमान चढू लागलेलं असतं आणि दिवसभराचा शीण फिटलेला असतो. अशा वेळी बादलीचा आवाजही पुरतो, मग उजेड तर पुरतोच.

याहून चिवट गोष्ट पुढची. पहाटेचा उजेड मुलाला त्या दिवशी उठवतो आणि घड्याळही पुढे सारतो. मेंदू समजतो, सकाळ लवकर होऊ लागली. तो दुसऱ्या दिवशीची जाग आधीच लावून ठेवतो. म्हणून एक रात्र पडदा लावून ‘काही उपयोग नाही’ म्हणणं घाईचं आहे.

माझी मुलगी नागपूरला असते. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, नागपुरात साडेपाचला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे, की एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास हवेत. नातू रात्री दहाला झोपायचा आणि पाचला उठायचा. हिशेब काही जुळेना. त्याला आणखी उशिरा झोपवून पाहिलं, तरी खिडकी आपल्या वेळेला ठाम. शेवटी मुलीने दादीच्या जुन्या बुरख्याचं काळं कापड पडद्याला अस्तर म्हणून शिवलं, रात्रीचे दिवे आठलाच मंद केले, आणि पाचला तो उठला तरी ट्यूबलाइट लावायची नाही असं ठरवलं. आठवडाभर काहीच फरक नाही. मग एक दिवस पावणेसहा झाले, पुढे सव्वासहा. सहानंतर मात्र ती पडदा सताड उघडते आणि त्याला गच्चीवर नेते, कारण दिवसाचा उजेड मुलाला हवाच असतो.

आपल्या घरांतला तो निळा झिरोचा बल्ब! शून्य नाव घेऊन हा गृहस्थ पंधरा वॅटच्या आसपास वीज खायचा. तो मंद असतो हे खरं, पण रात्रीसाठी रंग नेमका चुकीचा. दिवा हवाच असेल, तर लालसर किंवा पिवळा, जमिनीजवळ आणि मुलाच्या नजरेआड ठेवावा. रस्त्यावर २०१५नंतर ठिकठिकाणी पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, तेही खिडकीतून आत येतात. आपली खोली किती अंधारी आहे हे भर दुपारी पडदे लावून पाहावं. कडांमधून, दारावरच्या झरोक्यातून येणारे पट्टे तेव्हा बरोबर दिसतात. ते बुजवताना वारा मात्र बंद करू नये, आणि पडद्याची दोरी मुलाच्या हाती लागेल अशी लोंबू देऊ नये.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला हे लागू नाही. त्याचं घड्याळ अजून बसायचं असतं. मूल मोठ्याने घोरत असेल किंवा खाजेने उठत असेल, तर पडद्याआधी डॉक्टर.

आणि ज्यांना वेगळी बेडरूमच नाही, त्यांचं काय? आमच्याकडे रमजानमध्ये सहेरीला पहाटे दिवा लागतो. चाळीत पहाटे पाणी येतं, कुणाची पहिली पाळी असते. एका खोलीत सगळ्यांनी अंधारात चाचपडावं, असं मी म्हणणार नाही. पण मुलाची गादी खिडकीसमोरून कपाटाच्या आडोशाला सरकवता येते. मोठ्या दिव्याऐवजी ओट्यावरचा लहान दिवा लावता येतो. मधल्या दोरीवर एक जाड चादर टाकली, तरी मुलाच्या चेहऱ्यावर सावली पडते. हे आईने एकटीने करायचं काम नाही. पाणी भरायला जो आधी उठतो, त्यानेच ती चादर ओढावी.