माघ-फाल्गुनातील घर आणि देवीचा बोहाडा
(मंदिर जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



देवळाला विटा, सिमेंट, लादी किती लागली याचा हिशेब समिती मांडीलच. इथे बोलायचे आहे ते देवळापुढच्या मोकळ्या चौकाविषयी आणि तो चौक ज्या दिवसांत माणसांनी भरतो त्या दिवसांविषयी. जव्हार-मोखाड्यात संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत घर कसे चालते, हे पाहिल्यावाचून इथे शिमग्याला एवढे मोल का, ते बाहेरगावच्या देणगीदारांना उमगणार नाही. गावकऱ्यांना हे सर्व ठाऊकच आहे. तरी छापून राहिलेले बरे, मुलाबाळांच्या उपयोगी पडेल.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवर. पौष-माघात पहाटे अंगणात शेकोटी पेटते आणि म्हातारीकोतारी तिच्याभोवती बसतात. कारवीच्या कुडाला शेणमातीचा हात नुकताच फिरलेला असतो. भात झोडून झालेले, नागली, वरई, उडीद, खुरासणी घरात आलेली. सकाळी कोरा चहा, दुपारी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी, कधी नुसती चटणी. महाशिवरात्रीला शहरात उपवासाची भगर म्हणून जी वरई मुद्दाम विकत आणतात, ती इथे रोजच्या पानातली. तेव्हा उपवास कोणता आणि जेवण कोणते, हे या भागात देवालाच विचारावे लागेल! पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते. त्या सुमारास मोखाड्याच्या वाटेने टाळ-मृदंग वाजू लागला की थंडी आता उतरणीला लागली असे समजावे.

पण माघ संपत आला की घरची बाई कणगीत हात घालून पाहते. डोंगरउताराची जमीन, एकच पावसाळी पीक आणि खाणारी तोंडे पाच-सात. हात तळाला लागला की पुढचे पाऊस पडेपर्यंतचे महिने डोळ्यांपुढे उभे राहतात. पाण्याचीही तीच गोष्ट. पावसाळ्यात इथे शंभर इंचांवर पाऊस कोसळतो, आणि फाल्गुन सरता सरता बायका झऱ्यावर वाटीने पाणी भरीत बसतात. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मुंबई महापालिकेने बांधलेले मध्य वैतरणा धरण २०१४ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. यावर अधिक बोलण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्या माउलीच्या डोक्यावर हंडा आहे तिला हे बोलून दाखवण्याची गरजही नाही.

ज्या घरात कणगी लवकर रिकामी होते, ते घर दिवाळी झाली की दाराला कडी लावून निघते. भिवंडी, वसई, वाडा, पनवेल इकडे वीटभट्ट्या आहेत. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायको दोघे चिखल तुडवतात, विटा पाडतात. आठवड्याला हातात पडते ती खर्ची, बाकीचा हिशेब हंगामाच्या शेवटी. पोरे बरोबर गेली तर शाळा बुडते, मागे ठेवली तर आजीच्या गळ्यात पडतात. म्हणून माघात एखाद्या पाड्यावर गेले, तर चार घरांपैकी दोन घरांपुढे शेकोटीची राख दिसत नाही. मागे राहिलेला म्हातारा शेजारच्या बंद घराचीही राखण करतो, त्यांची कोंबडी आपल्या खुराड्यात घेतो. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात १९७७ साली झाला, केंद्राचा २००५ साली. ज्या पाड्यावर वेळेवर काम निघते आणि मजुरी वेळेवर हातात पडते, तेथे दारे उघडी राहतात. काम उशिरा निघाले की माणसे आधीच निघून गेलेली असतात, आणि हजेरीपट कोराच राहतो.

ही दारे उघडतात ती शिमग्याला. भट्टीवरचा माणूस दिवाळीनंतरचे सगळे सण परमुलखात काढील, पण होळीला तो घरी येणारच. मुकादमही हे ओळखून असतो. जव्हारच्या एस.टी. स्थानकावर त्या दोन दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. डोक्यावर बोचकी, काखेत पोर, आणि पोराच्या हातात भिवंडीच्या बाजारातली पिचकारी. घरी आल्यावर पहिले काम म्हणजे जाळी-जळमटे काढून जमीन सारवणे आणि थंड पडलेली चूल पेटवणे. आदल्या रात्री पोरांची धाकटी होळी, पौर्णिमेला गावाची मोठी. पळस तेव्हा ऐन फुलोऱ्यात असतो आणि मोहाच्या झाडाखाली फुले पडू लागलेली असतात. ज्याच्या घरी जे असेल त्याचा नैवेद्य होळीला जातो. नारळ, पुरणपोळी, तांदळाच्या पापड्या, सगळे एकाच आगीत. मग रंगपंचमीपर्यंत पोरे रस्त्यावर दोरी धरून फाग मागतात. मोटारवाल्यांनी रागावू नये, दोन-पाच रुपयांनी त्यांचे काही बिघडत नाही.

आणि याच दिवसांत बोहाडा. नाशिककडच्या भागात यालाच भोवाडा किंवा भवाडा म्हणतात. जव्हार हे मुकणे राजांचे संस्थान होते, १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा त्या काळी इंग्रजी अमलातला, शहापूर तालुक्याचा पेटा. पुढे दोन्ही ठाणे जिल्ह्याचे तालुके झाले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले. सरकारे बदलली, दप्तरे हलली, पण जगदंबेचा बोहाडा दोन्हीकडे तसाच नाचत आला.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी दोन शब्द. बोहाडा रात्रीचा असतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगविलेले मुखवटे चढवून देवादिकांची सोंगे एकामागून एक निघतात. संबळ वाजतो, सनई सूर धरते, पुढे टेंभा असतो, आणि सोंग त्या उजेडात पुढे-मागे पावले टाकीत चौकात येते. आधी गणपती, मग सरस्वती, मग मारुती, भैरोबा, नरसिंह, रावण अशी रीघ लागते. शेवटी देवी आणि महिषासुराचे युद्ध होऊन असुर पडतो. कोणते सोंग कोणी घ्यावे हे बहुधा घराण्याने ठरलेले असते. बाप थकला की मुलगा मुखवटा बांधतो. तो मुखवटा वर्षभर घरच्या माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो, त्याच्याशी पोरांना खेळू देत नाहीत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, वाणी, शिंपी असे सर्व लोक एका चौकात बसून हे पाहतात. इथली गोडी नाटकगृहात मिळायची नाही, कारण नाचणारा आपलाच शेजारी असतो आणि काल दुपारी तो भट्टीवरून उतरलेला असतो.

यावरून एक विचार मांडण्यासारखा आहे. ज्याच्या घराण्याचे सोंग आहे तो माणूस परगावी अडकला, तर ते सोंग त्या वर्षी उभे राहणार कसे? दुसऱ्याने मुखवटा बांधला तरी पाऊल त्याला येत नाही. पाऊल शिकायचे तर मुलाने बापाजवळ असायला हवे. म्हणजे बोहाडा टिकायचा तर आधी माघातले घर टिकले पाहिजे. देणगीदारांपैकी ज्यांच्या हाती कामधंदा देण्याची शक्ती आहे, त्यांनी याकडेही लक्ष द्यावे ही विनंती. देवीला ते कळसाइतकेच पोहोचेल.

दुसरी गोष्ट संबळाची. अलीकडे मोठाले कर्णे लावण्याची हौस पुष्कळ वाढली आहे. कर्ण्याच्या आवाजात संबळाचा ठेका ऐकू येत नाही, आणि सोंग नाचते ते ठेक्यावर. विजेचा झगझगीत उजेडही मुखवट्याला मानवत नाही. टेंभ्याच्या हलत्या ज्वाळेत तो जिवंत दिसतो, दिव्याखाली नुसता रंगवलेला राहतो. तेव्हा त्या रात्रींपुरते चौकातले दिवे मालवावेत, एवढे तरी समितीला सहज करता येईल.

आता शेवटची गोष्ट, आणि ती बांधकामाचीच आहे. देऊळ सुंदर झाले, याबद्दल गवंड्यापासून देणगीदारांपर्यंत सर्वांचे आभार. पुढील टप्प्यात चौकावर सभामंडप घालावा आणि खाली गुळगुळीत लादी बसवावी, अशी सूचना आली असल्याचे समजते. मुखवटा बांधलेल्या माणसाला समोरचे दोन भोकांतून जेमतेम दिसते, पायांखालचे काहीच दिसत नाही, आणि तो अनवाणी नाचतो. मध्ये खांब आला तर तो आदळेल, लादीवर घामाचा पाय घसरेल. सभामंडप देवळाच्या मागच्या अंगाला घ्यावा. चौक मातीचा राहू द्यावा आणि शिमग्याआधी आठ दिवस गावच्या बायकांकडून सारवून घ्यावा. लादी घालायचीच झाली तर खडबडीत दगडाची घालावी.